पाण्याला रचना असते, पण किती वेळापुरती?

एमएस्सी संपत आलेल्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न आहे. पीएचडीसाठी तिला 'द्रवांची रचना आणि गतिकी' हा विषय सुचवला गेला आहे. तिचं म्हणणं असं, की स्फटिकाला रचना असते हे कळतं, पण द्रवातले रेणू तर क्षणभरही जागेवर ठरत नाहीत, मग त्यांची रचना म्हणजे काय? ती मोजतात कशी? पाण्यावर शंभर वर्षं काम झाल्यावर आता शोधायला उरलंय काय? आणि प्रयोगाकडे जावं की संगणकावरच्या सिम्युलेशनकडे?

मी या विषयात पंचवीसेक वर्षं आहे. सुरुवात न्यूट्रॉनच्या प्रयोगांनी केली, पुढे सिम्युलेशनही करायला लागलो. उत्तर लांबणार आहे, कारण तुमच्या पहिल्याच शंकेत अख्खा विषय दडलेला आहे.

स्फटिकात एका अणूचा पत्ता कळला, की हजाराव्या अणूचा पत्ता हिशेबानं काढता येतो. द्रवात असा पत्ता नसतो. पण द्रव जवळपास घनाइतकाच गच्च भरलेला असतो आणि रेणू एकमेकांत घुसू शकत नाहीत. एवढ्या दोन गोष्टींनीच जवळपासच्या अंतरांना एक शिस्त येते. कुठल्याही एका रेणूवर जाऊन बसायचं आणि विचारायचं, माझ्यापासून अमुक अंतरावर शेजारी किती? हा प्रश्न प्रत्येक रेणूला, पुन्हा पुन्हा विचारून सरासरी काढली, की एक आलेख मिळतो. त्याला रेडियल डिस्ट्रिब्यूशन फंक्शन म्हणतात, रोजच्या बोलण्यात नुसतं जी-ऑफ-आर. रेणू कसेही विखुरलेले असते तर सगळ्या अंतरांवर या आलेखाची किंमत १ आली असती. प्रत्यक्षात जवळच्या अंतरांवर ती शून्य असते, मग एक उंच शिखर येतं, मग दरी, मग बुटकं शिखर, आणि चार-पाच रेणूंच्या अंतरापलीकडे रेघ १ वर सपाट होते. द्रवाची रचना म्हणतात ती एवढीच: जवळ शिस्त, लांब विस्कळीतपणा.

द्रवरूप आर्गॉनमध्ये पहिलं शिखर साधारण ३.७ अँगस्ट्रॉमवर येतं (सेंटीमीटरचे दहा कोटी भाग केले, की एक भाग म्हणजे अँगस्ट्रॉम) आणि त्याखाली जवळपास १२ शेजारी मावतात. गोल गोट्या डब्यात ओतल्या की जे होतं, तेच. पाण्याचा आलेख बघितला की फरक डोळ्यात भरतो. दोन ऑक्सिजनमधलं पहिलं शिखर २.८ अँगस्ट्रॉमवर आणि शेजारी जेमतेम ४.३. दुसरं शिखर ४.५ वर. आता ४.५ ला २.८ नं भागून बघा. उत्तर १.६ च्या थोडं वर येतं, आणि चतुष्फलकाच्या (चार त्रिकोणी बाजूंच्या पिरॅमिडच्या) मध्यापासून कोपऱ्याचं अंतर १ धरलं तर दोन कोपऱ्यांमधलं अंतर १.६३ असतं. पाण्याचा रेणू चार दिशांना चार हायड्रोजन बंध धरून असतो, हे चित्र बर्नाल आणि फाउलर यांनी १९३३ साली मांडलं, आणि त्याची सही या दोन शिखरांच्या गुणोत्तरात दिसते. मी हा भागाकार पहिल्यांदा स्वतः केला तेव्हा पाठ्यपुस्तकातला चतुष्फलक एकदम खरा वाटायला लागला. तुम्हीही करा.

हे मोजायचं कसं? क्ष-किरण किंवा न्यूट्रॉन द्रवातून सोडायचे आणि कुठल्या कोनात किती विखुरतात ते बघायचं. स्फटिकासारखे धारदार ठिपके मिळत नाहीत, पसरट कडी मिळतात, आणि गणितानं त्या कड्यांतून अंतरं काढता येतात. ही वाट आपल्याला परकी नाही. १९२३ साली कलकत्त्यात रामन आणि के. आर. रामनाथन यांनी द्रवांमधल्या क्ष-किरण विवर्तनावर, म्हणजे अशाच कड्यांवर, काम केलं होतं. पुढे १९२७ साली झेर्निके आणि प्रिन्स यांनी कड्यांमधून थेट आलेखाकडे जाण्याचं गणित नीट बसवलं. आणि २८ फेब्रुवारीला आपण ज्या शोधाचा दिवस साजरा करतो, तो १९२८ चा रामन परिणामही द्रवांमध्येच हाती लागला. पहिल्याच टिपणात साठेक द्रव तपासल्याचा उल्लेख आहे.

क्ष-किरणांना इलेक्ट्रॉन दिसतात, म्हणून पाण्यात त्यांना मुख्यतः ऑक्सिजनच दिसतो. हायड्रोजन बघायचा तर न्यूट्रॉन लागतात, आणि इथे निसर्गानं आमच्यावर मोठी मेहेरबानी केली आहे. हायड्रोजनची न्यूट्रॉन विखुरण्याची लांबी उणे ३.७४ फेमटोमीटर आहे, तर ड्यूटेरियमची, म्हणजे जड हायड्रोजनची, अधिक ६.६७. रसायनाच्या दृष्टीनं दोघं जवळपास जुळे भाऊ, पण न्यूट्रॉनच्या डोळ्यांना एक काळा, एक पांढरा. साधं पाणी, जड पाणी आणि दोहोंचं मिश्रण असे नमुने आळीपाळीनं मोजले, की ऑक्सिजन-ऑक्सिजन, ऑक्सिजन-हायड्रोजन आणि हायड्रोजन-हायड्रोजन ही तिन्ही अंतरं वेगळी काढता येतात. १०० पैकी ३६ ड्यूटेरियम असेल तर दोघांची बेरीज शून्य होते आणि विवर्तनाच्या कड्यांमधून हायड्रोजन जवळजवळ अदृश्य होतो.

या जागी मी स्वतः ठेच खाल्ली आहे. ती तुम्हाला उपयोगी पडेल म्हणून सांगतो. जुलै महिना, बाहेर धो धो पाऊस. जड पाण्याची बाटली आठवडाभरात चार-पाच वेळा उघडली गेली होती, दर वेळी मिनिट-दोन मिनिटंच. नमुना अॅल्युमिनियमच्या पातळ पेटीत भरला, जाडी ०.२ मिलिमीटर, मोजणी सुरू केली. दुसऱ्या दिवशी आलेखाचा तळ अपेक्षेपेक्षा बराच वर. आधी यंत्रावर संशय घेतला, मग पेटीवर, मग रिकाम्या पेटीच्या वजावटीवर. चार दिवसांचा बीम-टाइम, म्हणजे न्यूट्रॉन यंत्रावर मिळालेला वेळ, गेला. कारण इतकंच, की जड पाण्यानं दमट हवेतलं साधं पाणी ओढून घेतलं होतं. आता आकडे बघा. रचनेबद्दल काही न सांगता नुसता तळ उचलणारं एक विस्कळीत विखुरणं असतं; हायड्रोजनचा त्याचा काटछेद, म्हणजे त्याचं माप, ८० बार्न आहे, ड्यूटेरियमचा फक्त २. शंभरातल्या दोन ड्यूटेरियमच्या जागी हायड्रोजन आला तरी आलेखाचा तळ पावणेदोनपट वर चढतो. तेव्हापासून मी जड पाणी कोरड्या नायट्रोजनखालीच उघडतो, लहान बंद कुप्यांतून वापरतो आणि भरण्याआधी घनता मोजतो. २५ अंशांना शुद्ध जड पाण्याची घनता १.१०४ यायला हवी. दोन टक्के भेसळ असेल तर तिसऱ्या दशांश स्थळी आकडा दोननं उतरतो, आणि साध्या कंपन-नळीच्या घनतामापकालाही ते कळतं. पाच मिनिटांचं काम आहे.

मोजमापाच्या बाबतीत अजून एक सांगायचं राहिलं. पाण्याला शेजारी ४.३ असं मी वर बिनधास्त लिहिलं, पण ते ३.३ अँगस्ट्रॉमपर्यंत मोजले तर. रेघ ३.५ वर ओढली की हीच संख्या पाचच्या आसपास जाते. शेजारी कुठे संपतो हे द्रव सांगत नाही, आपण ठरवतो. म्हणून कोणी पाण्यात हायड्रोजन बंध सरासरी इतके असं सांगितलं, की पहिला प्रश्न विचारा: व्याख्या काय धरलीत? बरेच लोक ऑक्सिजनमधलं अंतर ३.५ अँगस्ट्रॉमच्या आत आणि कोन ३० अंशांच्या आत, अशी धरतात. ती सोयीची आहे, पवित्र नाही.

आता मुद्द्यावर येतो. जी-ऑफ-आर हा आलेख कितीही सुंदर असला तरी त्याला घड्याळ दिसत नाही. औषधाच्या दुकानात मिळणारं ग्लिसरीन घ्या. स्फटिक न होऊ देता ते उणे ८३ अंशांच्या आसपास नेलं, की त्याची काच होते. खोलीच्या तापमानापासून तिथपर्यंत त्याचा घट्टपणा, म्हणजे व्हिस्कॉसिटी, एकावर बारा शून्यं इतक्या पटीनं वाढते. घनता मात्र पाच-सहा टक्क्यांनीच बदलते, आणि विवर्तनाचे आलेख शेजारी शेजारी ठेवले तर कुठला द्रवाचा आणि कुठला काचेचा हे नवख्याला सांगता येणार नाही. रचना जवळपास तीच, गती लाख कोटी पटीनं वेगळी.

याच्या उलटंही होतं. ९४ केल्विनला द्रवरूप आर्गॉनचा विसरण गुणांक, म्हणजे अणू किती झपाट्यानं दूर पसरतात त्याचं माप, दर पिकोसेकंदाला सुमारे ०.२४ चौरस अँगस्ट्रॉम असतो. (सेकंदाचे एक लाख कोटी भाग केले, की एक भाग म्हणजे पिकोसेकंद, फेमटोसेकंद त्याचाही हजारावा भाग.) २५ अंश सेल्सियसच्या पाण्याचा किती? ०.२३. म्हणजे रेणू दूर जाण्याचा वेग दोन्हींत सारखा, पण एकात बारा शेजाऱ्यांमध्ये दाटलेला गुळगुळीत गोळा आणि दुसऱ्यात चार हातांनी बांधलेला रेणू. नुसती गती मोजून रचना कळत नाही, नुसती रचना मोजून गती कळत नाही. तुमच्या विषयाच्या नावात 'आणि' आहे तो याचसाठी. द्रवाबद्दल कोणतंही विधान करताना 'किती वेळात?' हे जोडल्याशिवाय ते विधान पुरं होत नाही, असं मी माझ्या प्रत्येक विद्यार्थ्याला पहिल्या दिवशी सांगतो.

आर्गॉनचा तो आकडा कुठून आला, तेही सांगण्यासारखं आहे. अनीसुर रहमान मूळचे हैदराबादचे. अमेरिकेतल्या अर्गोन राष्ट्रीय प्रयोगशाळेत त्यांनी १९६४ साली ८६४ आर्गॉन अणू एका काल्पनिक पेटीत ठेवले आणि सीडीसी ३६०० या संगणकावर न्यूटनचे नियम लावून, दहा-दहा फेमटोसेकंदांच्या पावलांनी त्यांना चालवलं. अणूंमधलं बल साधं, लेनर्ड-जोन्सचं: फार जवळ आले की ढकलणारं, जरा दूर गेले की ओढणारं. बाहेर आलेला आलेख क्ष-किरणांच्या मोजणीशी जुळला आणि विसरण गुणांकही प्रयोगाशी जुळला. त्याच कामात आणखी एक गोष्ट दिसली. अणूचा आत्ताचा वेग आणि थोड्या वेळानंतरचा वेग यांचा संबंध तपासला तर तो पिकोसेकंदाच्या आतच ऋण होतो. म्हणजे अणू पुढे सरकतो, शेजाऱ्यावर आदळतो आणि मागे फेकला जातो. संध्याकाळच्या लोकलच्या डब्यात दारापासून आत सरकायचा प्रयत्न केलेल्या कुणालाही हे समजावून सांगावं लागत नाही. शेजाऱ्यांच्या पिंजऱ्यात हेलकावे खाणं आणि पिंजराच हळूहळू विरघळणं, हे दोन वेगळे काळ एकाच द्रवात एकत्र असतात. १९७१ साली रहमान आणि स्टिलिंजर यांनी हीच रीत २१६ पाण्याच्या रेणूंना लावली. आज तुम्ही लॅपटॉपवर जे सिम्युलेशन चालवाल, त्याचा गाभा तोच आहे.

मग पाण्यात कुठली कुठली घड्याळं चालतात? सगळ्यात जलद, रेणू जागच्या जागी थरथरतो, हायड्रोजन बंध ताणला-आकसला जातो. हा खेळ पन्नास ते दोनशे फेमटोसेकंदांचा. तो बघायला द्विमितीय अवरक्त स्पेक्ट्रोस्कोपी वापरतात. जड पाण्यात थोडेसेच एचओडी रेणू (एक हायड्रोजन, एक ड्यूटेरियम असलेले) ठेवून त्यांच्या ओएच, म्हणजे ऑक्सिजन-हायड्रोजन, बंधाचा सूर कसा बदलतो ते लेझरच्या अतिशय आखूड स्पंदांनी ऐकायचं. थोडेसेच का, तर साध्या पाण्यात एका ओएचची ऊर्जा शेजारच्या ओएचकडे लगेच पळून जाते आणि कुणाचा सूर ऐकतोय ते कळेनासं होतं. दुसरं घड्याळ बंध तुटून नवा होण्याचं, एक-दोन पिकोसेकंदांचं. तिसरं, ओएचची दिशा फिरण्याचं, दोन-तीन पिकोसेकंदांचं. चौथं, सगळ्या रेणूंच्या विद्युत ध्रुवांनी मिळून वळण्याचं, २५ अंशांना ८.३ पिकोसेकंदांचं. मायक्रोवेव्हमध्ये डाळ तापते ती या शेवटच्या घड्याळामुळे. आणि एक रेणू स्वतःच्या आकाराइतका, म्हणजे २.८ अँगस्ट्रॉम, सरकायला किती वेळ घेतो? २.८ चा वर्ग भागिले सहा गुणिले ०.२३. साधारण पावणेसहा पिकोसेकंद.

दिशा फिरण्याबद्दल आधी समजूत अशी होती, की रेणू थोडा थोडा डगमगत, लहान लहान पावलांनी वळतो. २००६ साली लाज आणि हाइन्स यांनी सिम्युलेशनच्या आधारे दाखवलं, की मुख्य वळण एका झटक्यात होतं, साठ-सत्तर अंशांची उडी. हे फुगडीसारखं आहे. जोडीदारणीचा हात सोडून मोकळं उभं राहायचं आणि मग दुसरी शोधायची, असं पाणी करत नाही. आधी नवी जोडीदारीण जवळ येते, जुनी जरा मागे सरते, क्षणभर हात दोघींच्या मध्ये असतो, आणि मग तो नवीच्या हातात जातो. रेणूचा सगळा वेळ नवी जोडीदारीण येण्याची वाट बघण्यात जातो. प्रत्यक्ष उडी त्या मानानं चटकन होते.

सरकण्यातही अशीच उडी दिसते. न्यूट्रॉन पाण्यातून जाताना किंचित ऊर्जा देतो किंवा घेतो आणि त्याच्या ऊर्जेची रेघ पसरट होते. रेणू गुळगुळीतपणे विसरत असता तर ही रुंदी स्कॅटरिंग व्हेक्टरच्या (न्यूट्रॉन विखुरताना किती वळला याच्या मापाच्या) वर्गाप्रमाणे वाढत राहिली असती. हा व्हेक्टर १ प्रति अँगस्ट्रॉम असताना ती साधारण ०.१५ मिलिइलेक्ट्रॉनव्होल्ट येते. पण पुढे पुढे ती वाढायची थांबते आणि सपाट होते. म्हणजे रेणू काही काळ एका जागी थरथरतो आणि मग उडी मारतो. सिंघवी आणि स्योलांडर यांनी १९६० साली याचं गणित मांडलं. खोलीच्या तापमानाला दोन उड्यांमधला मुक्काम एका पिकोसेकंदाच्या आसपास असतो. या जातीच्या मोजणीसाठी परदेशीच जावं लागतं असं नाही. ट्रॉम्बेला ध्रुव अणुभट्टी १९८५ सालापासून आहे, तिथे न्यूट्रॉन स्पेक्ट्रोमीटर आहेत आणि विद्यापीठांतल्या संशोधकांना ते वापरता येतात.

घड्याळ विसरलं की काय होतं, त्याचं उदाहरण याच शतकातलं आहे. २००४ साली क्ष-किरण शोषणाच्या प्रयोगावरून एका मोठ्या गटानं म्हटलं, की द्रव पाण्यात बहुतेक रेणूंना चार नव्हे, दोनच भक्कम हायड्रोजन बंध असतात, पाणी म्हणजे साखळ्या आणि कडी. बरीच वर्षं जोरदार वाद चालला. माझं मत सांगतो. क्ष-किरण शोषण हा फेमटोसेकंदाचा फोटो आहे. त्या क्षणी एका रेणूचे दोन बंध ताणलेले आणि दोन आवळलेले असू शकतात. २०१३ साली क्यूने आणि खलिउलिन यांनी गणनेनं दाखवलं, की अशी क्षणिक असमानता खरोखर मोठी असते, पण काही शे फेमटोसेकंदांत ती अदलाबदल होऊन पुसली जाते. म्हणजे फोटोत विषमता खरी आणि सरासरीत चतुष्फलकही खरा. हे वाचल्यावर मला तो वाद अर्ध्याहून अधिक सुटल्यासारखा वाटला. काही सहकाऱ्यांना अजून वाटत नाही, आणि त्यांच्याकडेही मुद्दे आहेत.

दुसरा इशारा त्याहून जुना, पॉलीवॉटरचा. सोव्हिएत संघातल्या कोस्त्रोमा इथे फेद्याकिन यांनी काचेच्या बारीक केशनलिकांत साठलेलं एक वेगळंच पाणी पाहिलं, आणि मॉस्कोत देर्यागिन यांनी ते काम पुढे नेलं. दाट, चिकट, उशिरा गोठणारं पाणी. १९६९ साली त्याच्या स्पेक्ट्रमवरून पाण्याचं बहुलक, म्हणजे पॉलिमर, सापडल्याचं अमेरिकेत जाहीर झालं. मग बेल लॅब्जमधल्या डेनिस रूसो यांनी खेळून आल्यावर स्वतःचा घाम गोळा केला, त्याचा स्पेक्ट्रम घेतला, आणि तो पॉलीवॉटरशी जवळजवळ जुळला. सगळी करामत अशुद्धीची होती. १९७३ साली देर्यागिन यांनी स्वतः ते मान्य केलं. त्यांच्याबद्दल मला आदरच आहे. इतकी वर्षं घातलेल्या कामावर स्वतःच्या हातानं काट मारणं सोपं नसतं. पण नमुन्याच्या शुद्धतेबद्दल मी इतका हट्टी का, ते आता लक्षात आलं असेल.

शोधायला काय उरलंय? अतिथंड पाणी तर आहेच. गोठू न देता पाणी थंड करत गेलं, की त्याचे गुणधर्म उणे ४५ अंशांच्या दिशेनं बेफाम वाढत जातात, हे १९७६ साली स्पीडी आणि एंजल यांनी दाखवलं. १९९२ साली सिम्युलेशनवरून कल्पना आली, की तिथे पाण्याचीच दोन द्रवरूपं वेगळी होत असावीत, एक दाट, एक विरळ. गेल्या दशकात क्ष-किरण लेझरच्या प्रयोगांनी तिला चांगला आधार मिळाला आहे. पण हे क्षेत्र महागड्या यंत्रांचं आणि मोठ्या गटांचं आहे. पीएचडीसाठी मी तुम्हाला मिश्रणांकडे जायला सांगेन.

५० मिलिलिटर पाण्यात ५० मिलिलिटर इथेनॉल मिसळा. ९६ च्या आसपास भरतं. कॉलेजच्या प्रयोगशाळेत मेजरिंग सिलिंडर घेऊन करण्यासारखं आहे. हात लावून बघा, मिश्रण कोमट लागेल. आणि घट्टपणा मोजा: २५ अंशांना पाण्याचा ०.८९, इथेनॉलचा १.०७ मिलिपास्कल-सेकंद, आणि मिश्रणाचा मधल्या प्रमाणात २ च्या वर. दोन पातळ द्रव एकत्र येऊन दुपटीनं घट्ट होतात. याचं जुनं स्पष्टीकरण १९४५ चं, फ्रँक आणि इव्हान्स यांचं: अल्कोहोलच्या तेलकट शेपटीभोवती पाणी बर्फासारखं रचलं जातं. पटण्यासारखं चित्र, पण न्यूट्रॉन विवर्तनात तो बर्फ सापडत नाही. शेपटीजवळच्या पाण्याची जी-ऑफ-आर साध्या पाण्यासारखीच असते. उलट २००२ साली मेथॅनॉल-पाण्याच्या दाट मिश्रणावरच्या मोजणीत वेगळंच दिसलं, की रेणूंच्या पातळीवर दोन्ही नीट मिसळलेलेच नसतात, पाण्याचे छोटे छोटे पुंजके शिल्लक राहतात. मग पाणी मंदावतं का? पुन्हा फुगडीकडे या. शेपटी म्हणजे एका बाजूची भिंत. तिकडून नवी जोडीदारीण येऊच शकत नाही, म्हणून जुनीचा हात जास्त वेळ धरून राहावं लागतं. रचना न बदलताही गती मंद होते. लाज यांच्या गटाचं हे म्हणणं मला बर्फाच्या कल्पनेपेक्षा कितीतरी जास्त पटतं, कारण त्यात गणित करून मंदपणा किती हे सांगता येतं: पातळ द्रावणात दुपटीच्या आत. दाट मिश्रणात हा हिशेब पुरत नाही, आणि तिथेच तुम्हाला जागा आहे.

किंवा डीप युटेक्टिक द्रव घ्या. कोंबड्यांच्या खाद्यात घालतात ते कोलीन क्लोराइड आणि शेतात टाकतात तो युरिया, दोन्ही पांढरे घन. एक ३०० अंशांच्या वर वितळतं, दुसरं १३३ ला. एकास दोन या प्रमाणात मिसळून गरम केलं, की एक नितळ द्रव तयार होतो, आणि तो १२ अंशांपर्यंत द्रवच राहतो. अॅबट आणि सहकाऱ्यांनी २००३ साली हे दाखवलं. पाण्यापेक्षा शेकडो पट घट्ट, विद्युतवाहक, धातूंची ऑक्साइडं विरघळवणारा. यात रेणू कसे सरकतात हे अजून नीट ठरलेलं नाही. भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या संशोधकांनी अॅसिटमाइड आणि लिथियमच्या क्षारांच्या अशा मिश्रणांवर न्यूट्रॉन आणि सिम्युलेशन दोन्ही लावून काम केलं आहे, ते शोधून वाचा. एक सावधगिरी मात्र बाळगा. हे द्रव हवेतलं पाणी खूप ओढतात, आणि थोड्याशा पाण्यानं घट्टपणा कोसळतो. कार्ल फिशर टायट्रेशननं पाणी किती ते मोजल्याशिवाय एकही आकडा वहीत लिहू नका.

प्रयोग की सिम्युलेशन? मुख्य काम एकाचं असू द्या, पण दुसऱ्याची भाषा बोलता आली पाहिजे. प्रयोग बेरीज देतो, कुठला रेणू काय करतोय ते सांगत नाही. सिम्युलेशन प्रत्येक रेणू दाखवतं, पण तुम्ही जे बल घातलंत त्याचंच पाणी दाखवतं. प्रथिनांच्या कामात सर्रास वापरलं जाणारं टीआयपी३पी हे पाण्याचं प्रारूप घ्या. त्यात पहिलं शिखर ठीक येतं, ४.५ अँगस्ट्रॉमचं दुसरं शिखर जवळजवळ नाहीसं होतं आणि पाणी खऱ्यापेक्षा दुपटीहून वेगानं पळतं. एसपीसी/ई किंवा टीआयपी४पी/२००५ पुष्कळ बरी. हे माहीत नसताना कोणी प्रथिनाजवळचं पाणी किती वेळ थांबतं यावर पानंच्या पानं लिहितं, तेव्हा मला वाईट वाटतं; मेहनत खरी असते, पण घड्याळच पुढे असतं.

प्रवेश होईपर्यंत तुमच्या हातात दोन-तीन महिने असतील. ग्रोमॅक्स किंवा लॅम्प्स हे सिम्युलेशनचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, साधा लॅपटॉप पुरतो. एसपीसी/ई पाण्याच्या चार पेट्या करा: २१६, ५१२, १०२४ आणि २०४८ रेणूंच्या. तापमान २९८ केल्विन, घनता तीच. प्रत्येकीचा विसरण गुणांक काढा. तुम्हाला वाटेल चारही सारखे येतील. येणार नाहीत, लहान पेटीत पाणी मंद दिसतं, कारण पेटीच्या भिंतीपलीकडे तीच पेटी पुन्हा असते आणि रेणू आपल्याच प्रतिमांनी ढवळलेल्या प्रवाहात अडकतो. २१६ रेणूंच्या, १.८६ नॅनोमीटरच्या पेटीत ही घट पंधरा टक्क्यांच्या आसपास असते. आता चारही आकडे एक भागिले पेटीची बाजू यासमोर मांडा. सरळ रेघ येईल. एक भागिले बाजू शून्य होते तिथपर्यंत ती वाढवली, की मिळतो तो अमर्याद पाण्याचा गुणांक, आणि तिच्या उतारातून पाण्याचा घट्टपणा काढता येतो. येह आणि हमर यांनी २००४ साली त्याचं सूत्र दिलं आहे. मग त्याच चालींतून जी-ऑफ-आर काढा, ३.३ आणि ३.५ अँगस्ट्रॉमपर्यंतचे शेजारी मोजा, आणि एकच ओएच निवडून त्याचा कोन दर दहा फेमटोसेकंदांनी आलेखावर टाका. बराच वेळ रेघ जागच्या जागी थरथरत राहील, आणि मग एके ठिकाणी एकदम साठ-सत्तर अंश उडेल. त्या उडीच्या आधीच्या अर्ध्या पिकोसेकंदात कोण जवळ आलं होतं, ते शोधून काढा.